चर्चमधल्या लग्नासाठी व्हेल: लांबी, रंग आणि फणी कशी ठरवायची?

पापडीची_वाट
जानेवारीत धाकट्या बहिणीचं लग्न आहे, वसईत. लग्न चर्चमध्ये आणि संध्याकाळचं रिसेप्शन वाडीत, उघड्यावर. गाऊन शिवून तयार आहे, व्हेल (वधूच्या डोक्यावरून मागे सोडायचं जाळीदार वस्त्र) मात्र अजून ठरत नाही. दुकानात गेलं की "चॅपल घ्या", "कॅथीड्रल घ्या", "फिंगरटिप घ्या" एवढंच ऐकायला मिळतं.
गाऊन मोतिया रंगाच्या सॅटिनचा आहे. कमरेपासून हलका घेर, बोट नेक आणि कोपरापर्यंत लेसच्या बाह्या. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कापड चढवलेल्या बटणांची ओळ आहे. ट्रेल, म्हणजे गाऊनचा मागे जमिनीवर लोळणारा भाग, छोटाच आहे. मुलीची उंची ५ फूट १ इंच, सँडल अडीच इंचांची, चेहरा गोल, चष्मा लावते. केसांचा मानेलगत खाली अंबाडा घालायचा ठरलाय.
लांबी किती घ्यावी? चेहऱ्यावर पदर हवा का? नेट कोणतं? शिंपी घरचेच आहेत. माप नक्की सांगितलं तर शिवून देतील.

धावदोरा
ताई, चॅपल आणि कॅथीड्रल ही नावं सध्या बाजूला ठेवा. दुकानदार चॅपलला ९० इंच म्हणतो, कॅथीड्रलला १०८ ते १२०, फिंगरटिपला ३६ ते ४५. पण ही लांबी फणीपासून, म्हणजे व्हेल ज्या फणीने केसांत अडकवतात तिच्यापासून, मोजलेली असते. फणी टाळूवर लावली की अंबाड्याच्या वर लावली, यावर तोच व्हेल पाच-सहा इंच वर किंवा खाली संपतो. ५ फूट १ इंच उंचीच्या मुलीवर हा फरक लगेच नजरेत भरतो. म्हणून आधी फणीची जागा ठरवा, मग व्हेल कुठे संपायला हवा ते ठरवा. लांबीचा आकडा त्यातून आपोआप निघतो.

माप घेताना मुलीला सँडल घालून उभी करा. अंबाडा घातलेला नसेल तर त्या जागी रुमालाची तेवढीच गुंडाळी पिन करा. फणी जिथे बसेल तिथे टेपचं टोक धरा. टेप गुंडाळीवरून, पाठीवरून सैल सोडत टाचेजवळ जमिनीपर्यंत आणा. ताणून सरळ रेषेत मोजू नका. व्हेल अंबाड्याला वळसा घालून पडतो, त्यात दीड-दोन इंच जातात. मग टाचेपासून ट्रेलच्या टोकापर्यंत वेगळं माप घ्या. हे दोन आकडे इथे लिहा.

कुठे संपवायचा याचा माझा नियम असा की व्हेलची कड गाऊनवर आधीपासून असलेल्या एखाद्या आडव्या रेषेवर किंवा शरीराच्या सगळ्यात रुंद भागावर थांबू देऊ नये. कड पारदर्शक असली तरी फोटोत ती रेष दिसते. मांडीच्या मध्यावर संपणारा व्हेल बुटक्या मुलीला तिथेच दोन भागांत कापतो. कोपराच्या जरा वर किंवा थेट जमिनीपर्यंत, या दोन्ही टोकांना उंची शाबूत राहते. जमिनीपर्यंत न्यायचा असेल तर ट्रेलच्या पुढे निदान सहा ते आठ इंच जाऊ द्या. ट्रेलच्या दोन इंच आत संपलेला व्हेल कापड कमी पडल्यासारखा दिसतो.

अंबाडा_आणि_पिना
फणीच्या जागेबद्दल केसांच्या बाजूने सांगते. खाली अंबाडा असेल तर फणी अंबाड्याच्या लगेच वर, तो जिथे डोक्याला चिकटतो त्या खाचेत लावायची. अंबाड्यात खुपसली तर व्हेलच्या ओढीने अंबाडाच सैल पडतो. तासाभरात दोन्ही खाली आलेले असतात.

खाचेत फणी टिकावी म्हणून अंबाडा घालण्याआधी तिथल्या केसांची करंगळीएवढी बारीक वेणी आडवी घालून पिनांनी डोक्याशी सपाट बसवते. फणीचे दात त्या वेणीत घुसतात. वर दोन बॉबी पिना फणीच्या टोकांवर फुली घालून लावायच्या. केस फार गुळगुळीत असतील तर फणीच्या पट्टीला मखमली रिबन गुंडाळून टाचून घ्या, घसरत नाही.
केस आदल्या दिवशी धुवा, त्याच सकाळी नको. ताजे धुतलेले केस पिना धरत नाहीत. तेल तर अजिबात नको. स्प्रे पूर्ण वाळल्यावरच फणी लावायची. ओला स्प्रे नेटला चिकटला की सुकल्यावर पांढरे ठिपके दिसतात.

पापडीची_वाट
मापं घेतली. अंबाड्याच्या वरच्या खाचेपासून टाचेजवळ जमिनीपर्यंत ५९ इंच. टाचेपासून ट्रेलचं टोक २२ इंच.

धावदोरा
५९ आणि २२ मिळून ८१. ट्रेलच्या पुढे आठ इंच धरले तर ८९, म्हणजे तयार लांबी ९० इंच. योगायोगाने दुकानाचं चॅपलच आलं. पण हीच फणी टाळूवर गेली तर ९० चा व्हेल ट्रेलच्या पुढे जेमतेम तीन-चार इंच जाईल, हे लक्षात ठेवा.

आता रुंदी. लोक लांबीचा विचार करतात आणि रुंदी दुकानदारावर सोडतात. खरं तर चेहऱ्याशी रुंदीचाच संबंध जास्त असतो. चार इंची फणीवर १०८ इंच नेट चुणून बसवलं तर कानांच्या मागून दोन्ही बाजूंना फुगा येतो. लांबट चेहऱ्याला तो भरीव दिसतो. गोल चेहरा मात्र त्याने आणखी रुंद वाटतो. तुमच्या बहिणीला ५४ ते ६० इंच पुरे. ७२ च्या पुढे जाऊ नका. चुण्या कमी असल्या की नेट सरळ खाली पडतं आणि पाठीवरची बटणंही दिसतात.

मोठं नेट आधीच घेतलं असेल तरी वाया जात नाही. खाली पूर्ण पन्हा (कापडाची रुंदी) ठेवून वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरपं कापत ५४ पर्यंत आणा. फणीशी गोळा कमी होतो आणि खाली पसारा तसाच राहतो. एकच गोष्ट कधी करू नका. पन्हा कमी पडतो म्हणून दोन तुकडे जोडू नका. नेटमधला जोड लपत नाही, उजेड मागून आला की पाठीच्या मधोमध काळी रेघ दिसते.

लिली_ऑफ_माहीम
नेटच्या जातीबद्दल. कापडबाजारात नुसतं "नेट" मागितलं तर बऱ्याचदा कॅनकॅन दाखवतात. ते घेराखाली लावायचं कडक नेट, व्हेलला चालत नाही. सॉफ्ट नेट मागा. मुठीत दाबून सोडा. हळूहळू उलगडलं तर ठीक. ताडकन उभं राहिलं तर डोक्यावर तंबू होईल. बारीक जाळीचं नायलॉन ट्यूल हे नेहमीचं आणि सगळ्यात सोयीचं. रेशमी ट्यूल अंगालगत वाहतं, सुंदर दिसतं, पण नखाने सहज फाटतं आणि महाग असतं. वाडीतल्या रिसेप्शनला मी रेशमी सुचवणार नाही.
मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये नेट आणि भुलेश्वरला लेस, असा एक फेरा करा. इथलं नेट बरंचसं ४४ किंवा ५८-६० इंच पन्ह्यात येतं. १०८ इंचांचं किंवा तीन मीटर पन्ह्याचं हवं असेल तर तसं विचारून घ्यावं लागतं. तुम्हाला ६० च पुरणार आहे, म्हणजे काम सोपं.

मोतिया_की_दुधी
रंगावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गाऊन मोतिया आहे तर व्हेलही मोतियाच घ्या, पण गाऊनच्या कापडापेक्षा अर्धी छटा गडद नेट निवडा. पारदर्शक असल्यामुळे एका थरात नेटचा रंग फिका पडतो. दुकानात ताग्यावर वीस थर एकावर एक असतात, तिथे जुळलेला रंग अंगावर पांढराच दिसतो. म्हणून गाऊनचा चिंधीएवढा तुकडा सोबत न्या. नेटचा एकच थर त्यावर पसरून दुकानाच्या बाहेर, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबखाली नको.

शुभ्र व्हेल मोतिया गाऊनवर घातला तर गाऊन जुना, धुवून पिवळा पडल्यासारखा दिसतो. शुभ्र गाऊनवर मोतिया व्हेल मळका दिसतो. दोन्हीपैकी पहिली चूक जास्त होते, कारण शुभ्र नेट कुठेही मिळतं. आणखी एक. रिसेप्शनला जांभळे (यूव्ही) दिवे लावणार असतील तर शुभ्र सिंथेटिक नेट त्यात निळसर चमकतं आणि गाऊन चमकत नाही. डीजेवाल्यांना आधी विचारून ठेवा.

कॅमेऱ्यामागून
पुढचा पदर, म्हणजे ब्लशर, जरूर घ्या. आत येतानाचा फोटो त्यामुळेच उठून दिसतो. वडील पदर वर करतात तो क्षणही मिळतो.

धावदोरा
इथे मी असहमत आहे, आणि कारण शिवणातलं आहे. फणी खाली अंबाड्याजवळ असेल तर पुढचा पदर तिथून निघून सगळं डोकं ओलांडून पुढे येतो. फणीपासून कपाळापर्यंतच दहा-बारा इंच जातात. तिथून छातीपर्यंत आणखी सोळा ते अठरा. म्हणजे तीस इंच नेट अख्ख्या डोक्यावर ताणलेलं, केस दबलेले, आणि मान हलली की फणीला ओढ.
दुसरं कारण बटणांचं. पदर मागे टाकला की तो कुठे जातो? पाठीवर तीस इंचांचा दुसरा थर होऊन पडतो. ज्या बटणांसाठी गाऊन शिवला त्यांच्यावर दोन थर येतात आणि कमरेजवळ पदराची आडवी कड दिसते.

कॅमेऱ्यामागून
बटणांचा मुद्दा मान्य. मग पदर वेगळा ठेवता येणार नाही का?

अंबाडा_आणि_पिना
येतो. दोन इंची छोटी फणी टाळूवर, तिच्यावर फक्त पुढचा पदर, साधारण २४ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. मोठ्या व्हेलशी त्याचा संबंध नाही. वेदीजवळ पोहोचल्यावर करवली मागून ती छोटी फणी काढून घेते. लॅटिन (रोमन कॅथलिक) विधीत पदर वर करण्याचा असा ठरलेला टप्पा नाही, त्यामुळे कधी काढायचा हे घरच्यांनीच ठरवायचं. फादरांना आधी सांगून ठेवलं की ते क्षणभर थांबतात.
चष्म्याचं मात्र बघा. पदर नाकापासून दोन-तीन इंच दूर उभा राहायला हवा. मऊ नेट थेट चष्म्याच्या काचेवर टेकतं आणि पापण्यांना लागतं. पदराच्या कडेला रिबन लावली तर वजनाने तो आणखी आत येतो. म्हणून पदराची कड कच्चीच ठेवा. कापलेल्या नेटच्या कडेतून धागे सुटत नाहीत.

सालसेतची_सून
गोव्याकडून दोन-तीन गोष्टी. जमिनीवरून जाणाऱ्या व्हेलचा खरा शत्रू म्हणजे चर्चमधली लाल जाजम. जाड काथ्याच्या किंवा खरखरीत कृत्रिम जाजमावर नेट अडकतं. वधू पुढे जाते, व्हेल मागे राहतो आणि झटका थेट फणीला बसतो. तालमीच्या दिवशी नेटचा तुकडा त्या जाजमावरून ओढून बघा. अडकत असेल तर कडेला लेस लावू नका, किंवा त्या दिवशी जाजम काढायला सांगा. फरशीवर साधं नेट पाण्यासारखं सरकतं.

मेणबत्त्या. नायलॉन पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. वर-वधू मेणबत्ती लावणार असतील तर त्याआधी पुढचा पदर काढलेला हवा. बाजूच्या कडा कोपराच्या मागे हव्यात आणि एक करवली मागे उभी हवी. यात हयगय नको.

उघड्यावरचा वारा हा तिसरा प्रश्न. ९० इंच नेट वाऱ्यात शीड होतं. कडेला काचेचे बारीक मणी टाकून वजन देतात, पण ते मणी त्याच नेटच्या जाळीत अडकून गाठी करतात. रिसेप्शनला मोठा व्हेल काढूनच टाका. नाचताना कुणाचा तरी पाय पडतोच.

आमच्याकडे काही जणी मँटिला घेतात. सपाट, चुण्या नसलेला, सगळ्या कडेला रुंद लेस असलेला स्पॅनिश धाटणीचा व्हेल. साध्या गाऊनवर फार देखणा. पण त्याची लेस कानशिलाजवळून खाली येते आणि चष्म्याच्या दांडीत अडकते. शिवाय गाऊनच्या बाह्यांवर आधीच लेस आहे. तुमच्या बहिणीला तो नको.

पापडीची_वाट
मग कडेला काहीच लावायचं नाही? आईला थोडी तरी लेस हवी आहे.

लिली_ऑफ_माहीम
लावा, पण वरपासून नको. फणीपासून पहिले तीस इंच कड साधी ठेवा आणि लेस कोपराच्या खालून सुरू करा. चेहरा, बाह्या आणि बटणं मोकळी राहतात, लेस घेराच्या भागात दिसते.

हिशोब असा. ६० इंच रुंद, ९० लांब, खालचे दोन्ही कोपरे २४ इंची गोलाईने कापलेले. दोन बाजूंचे १८० आणि खालचे ६०, मिळून २४०. दोन कोपऱ्यांच्या गोलाईत साधारण २० वाचतात, राहिले २२०. वरचे तीस-तीस सोडले की १६०, म्हणजे चार मीटरच्या थोडं वर. साडेचार मीटर आणा. गोलाईवर लेसला चिमटे घ्यावे लागतात आणि सुरुवातीला व शेवटी नक्षीचं फूल पूर्ण यायला हवं. अर्ध्या फुलावर कापलेली लेस चोरलेल्या तुकड्यासारखी दिसते.

बाह्यांवर कोणती लेस आहे ते बघून त्याच जातीची घ्या. बाह्यांवर दोरा उठून दिसणारी कॉर्ड लेस असेल तर व्हेलला सपाट, नाजूक शँटिली लावून ती जुळत नाही. नक्षी तीच नसली तरी चालेल, पण दोऱ्याची जाडी तीच हवी. जड गिपूर नको. ती नेटला खाली ओढते आणि वरच्या चुण्या उघडतात.

सुतारपक्षी
थोडं विषयांतर. मोठमोठ्या व्हेलच्या बातम्या येतात. २०१८ मध्ये जोधपूरला प्रियांका चोप्राचा ७५ फुटी होता. तसा घ्यायचा झाला तर?

धावदोरा
७५ फूट म्हणजे ९०० इंच, आपल्या व्हेलच्या दहापट. तो सांभाळायला वेगळी माणसं लागतात. वजन फणीवर न ठेवता पिनांनी बऱ्याच ठिकाणी वाटावं लागतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेगन मार्कलचा पाच मीटरचा रेशमी ट्यूलचा होता. त्यावर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरली होती आणि भरतकाम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने हात धुतले. आपल्याला त्यातून घेण्यासारखं हेच. मोतिया नेटवर घामाचा, तेलाचा हात उठतो. शिवताना आणि लग्नाच्या सकाळी फणी लावताना हात धुवून, कोरडे करून मगच व्हेल धरायचा. लिपस्टिक लावून झाल्यावर व्हेल, आधी नाही.

उमराळेकर
पांढऱ्या साडीवर व्हेल घ्यायचा असेल तर हेच माप चालेल का? आणि सकाळी चर्च, संध्याकाळी वैदिक पद्धतीने मुंडावळ्या बांधून लग्न असेल तर केसांचं काय?

सालसेतची_सून
साडीला हे माप चालणार नाही. डाव्या खांद्यावर पदर, त्यावर जर किंवा मणी असतील तर नेट तिथे सतत अडकतं. साडीवर व्हेल कोपरापर्यंत किंवा फार तर बोटांच्या टोकापर्यंत, ४५ इंच रुंद, कड साधी. पदर मागे लांब सोडलेला असेल तर व्हेल त्याच्या वर संपवा. दोन लांब टोकं एकमेकांवर आली की चालताना पीळ बसतो. पदराची पिन खांद्याच्या मागच्या बाजूला लावा आणि तिच्यावर कापडाचा तुकडा टाचा, म्हणजे पिनेचं डोकं जाळीत घुसत नाही.

अंबाडा_आणि_पिना
दोन्ही विधी एकाच दिवशी असतील तर खालचा अंबाडा हाच उत्तम. मुंडावळ्या कपाळावरून बांधून मागे जातात, फणीच्या जागेशी त्यांचं भांडण नाही. फणी काढल्यावर खाचेत केस विस्कटलेले दिसतात, तिथे बरोबर गजरा येतो. टाळूवर उंच अंबाडा घातला तर संध्याकाळी सगळे केस सोडून पुन्हा घालावे लागतात आणि स्प्रे मारलेले केस सोडवताना तुटतात.
व्हेलसोबतही मोगऱ्यासारखी खरी फुलं लावता येतील. पण ओला देठ नेटला लागू देऊ नका, तपकिरी डाग पडतो. कळ्या पुसून, दोऱ्यात ओवून, फणीच्या पट्टीखाली केसांत लावायच्या, नेटवर नाही.

पापडीची_वाट
ठरलं. ६० बाय ९०, मोतिया सॉफ्ट नेट, लेस कोपराखाली, पदर वेगळ्या छोट्या फणीवर. आता शिंप्यांना शिवायचं कसं सांगू? त्यांनी आजवर ब्लाऊज आणि गाऊनच शिवलेत.

धावदोरा
आधी स्वस्त नेटचा नमुना. त्याच मापाचा कापून, नुसत्या धावदोऱ्याने चुणून, फणीला टाचून, गाऊन आणि सँडल घालून घरात वीस पावलं चालायला लावा. लांबीत दोन-चार इंचांची दुरुस्ती इथेच निघते. खरं नेट कापल्यावर वाढवता येत नाही.

खरं नेट अडीच मीटर आणि छोट्या पदरासाठी आणखी पाऊण मीटर. कापण्याआधी एक रात्र दांडीवर टांगून घडीच्या रेघा जाऊ द्या. मग लांब कड लांब कडेवर येईल असं मधोमध दुमडा, दोन्ही थरांची कड जुळवून दर सहा इंचांवर पिना लावा. घसरतं फार, म्हणून खाली चादर पसरा. वरच्या टोकाशी चुण्यांसाठी एक इंच जादा धरून ९१ इंचांवर खूण करा. कोपऱ्याच्या दोन्ही कडांपासून २४ इंच आत एक बिंदू घ्या, तिथे दोऱ्याचं एक टोक धरा, दुसऱ्या टोकाला खडू बांधून गोलाई काढा. दुमडलेलं असल्यामुळे दोन्ही कोपरे एका कापात सारखे येतात. लांब पात्याच्या कात्रीने, पातं पूर्ण न मिटता कापत जा. प्रत्येक वेळी कात्री मिटली की कडेला दात पडतो.

लेस पुढच्या पायरीवर. नेटवर पसरून आधी कच्चा टाका, मग बारीक हातशिलाई. मशीन मारायचीच असेल तर खाली पातळ कागद ठेवून टीप मारा आणि नंतर कागद फाडून काढा. नाहीतर मशीनचे दात नेट खाली ओढून खातात.

चुण्यांसाठी वरच्या कडेपासून पाव इंचावर एक आणि अर्ध्या इंचावर दुसरा धावदोरा, दोरा दुहेरी, एका सपाट्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही दोरे एकत्र ओढून चार इंचांवर आणा, चुण्या सारख्या वाटा, गाठ मारा. एकच धावदोरा घातला तर चुण्या फिरतात आणि ओढताना तुटला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. गोळा झालेली कड अर्ध्या इंची सॅटिन रिबनमध्ये बंद करा.

फणी चार इंची, धातूची घ्या. प्लास्टिकचे दात जाड असतात, बारीक वेणीत जात नाहीत. फणीचा बाक डोक्याकडे, दात खाली मानेकडे, चुण्या फणीच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूने. नवख्या हाताची नेहमीची चूक म्हणजे फणी उलटी शिवणं. मग बाक बाहेर येतो आणि फणी डोक्यापासून उचललेली राहते. म्हणून टाचण्याआधी एकदा केसांत घालून बघा. प्रत्येक दातामधून दोरा काढत पट्टीला गुंडाळत जा, दोन फेऱ्या. दोरा नेटच्याच रंगाचा. काळ्या केसांवर मोतिया नेटच्या चुण्या उठून दिसतात, त्यामुळे रिबनवर लेसचं एखादं फूल किंवा मोत्यांची एक ओळ टाचली तर काम पूर्ण दिसतं.

भाड्याचा_गाऊन
भाड्याने व्हेल घेणाऱ्यांसाठी. काळा कपडा मागे धरून सगळा व्हेल बघून घ्या, भोकं तेव्हाच दिसतात. फणीचे दात मोजा. कपाळाजवळच्या भागावर मेकअपचा पिवळा डाग असतो, तो घडीत लपवलेला असतो. छोटं भोक असेल तर नेटच्याच रंगाचा बारीक धागा जाळीच्या घरांतून फिरवून बंद करता येतं. मोठं असेल तर त्यावर लेसचं फूल, आणि ते एकटं दिसू नये म्हणून आसपास आणखी दोन-तीन विखरून.

मोतिया_की_दुधी
आणि इस्त्री! कॉटनच्या खुणेवरची इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. नायलॉन २२० ते २६० ला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी आकसतं आणि कडक होतं. वाफेची इस्त्री सहा इंच दूर धरा, किंवा न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून व्हेल दांडीवर टांगा. रेशमी असेल तर पाण्याचा थेंब पडू देऊ नका, डाग राहतो. लग्नाच्या आदल्या रात्री वाफ देऊन टांगूनच ठेवा. चर्चपर्यंत नेताना घडी न घालता स्वच्छ सुती चादरीत सैल गुंडाळा.

पापडीची_वाट
नमुना घालून बघितला. लांबी नीट बसली, दोन इंच कमी केली तरी चालेल असं वाटलं, पण नाही केली. एकच अडचण. एसी लावलेल्या खोलीत नेट गाऊनच्या सॅटिनला चिकटतं, घेरावर सुटं पडत नाही.

लिली_ऑफ_माहीम
ती कोरड्या हवेतली वीज. जानेवारीत वसईतही होऊ शकतं. धातूचा हँगर नेटच्या आतल्या बाजूने वरून खाली एकदा फिरवा, बरीचशी उतरते. राहिलीच तर तळहात किंचित ओला करून गाऊनच्या घेरावर, अस्तराच्या बाजूने फिरवा, वरच्या सॅटिनवर नको. करवलीच्या पिशवीत चार जास्तीच्या बॉबी पिना, मोतिया दोरा ओवलेली सुई आणि तो हँगर ठेवा.

सालसेतची_सून
आणि गाडीत बसताना व्हेल अंगाखाली घेऊ नका. आधी मुलीने बसायचं, मग करवलीने मागून व्हेल गोळा करून तिच्या मांडीवर ठेवायचा. उतरताना उलट, व्हेल आधी बाहेर.

पापडीची_वाट
बहिणीला दाखवते. शिंप्यांनी अडीच मीटर नेट आजच टांगलंय.